नगर गाडी सुटेपर्यंत

“एकच गेम. मग मला स्टँडवर जायचंय,” सचिन म्हणाला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसला.

प्रवीणचा जीव भांड्यात पडला. निदान बसला तरी.

जामखेडच्या स्टँडसमोर रंगनाथचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं एरवी हे दोघे मावसभाऊ एकमेकांची जिरवायला यायचे. आज तसं नव्हतं. सचिनची बहीण भारती घरात न सांगता नगरला निघाली होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि उद्या सकाळी तिथं हजर व्हायचं होतं. नेमके उद्याच खर्ड्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्यांना शब्द दिला होता. पोरगी घरात नाही म्हटल्यावर आप्पांनी सचिनला पिटाळलं. प्रत्येक गाडीत डोकव, दिसली की हाताला धरून घरी आण. सचिन बापाच्या शब्दाबाहेर नव्हता.

मावशीनं मात्र प्रवीणला मागच्या दारी गाठलं होतं. “गाडी सुटस्तोवर सच्याला कुटं तरी गुतवून ठेव, बाबा. पोरीच्या जल्माचा सवाल हाय.”

सचिननं मशीनची दांडी पुसली. खेळायच्या आधी दांडी पुसायची ही त्याची जुनी खोड. त्यासाठी गळ्यात कायम निळ्या चौकटीचा रुमाल असायचा, त्यावर इस्त्रीनं जळालेला तांबूस डाग. आज घाईत निघाला असावा, शर्टाच्या टोकानंच त्यानं भागवलं.

“पैलवान घेतो,” तो म्हणाला.

“घे. माझी झिपरी.”

मशीनवरची इंग्रजी नावं या दुकानात कुणी घेत नसे. पैलवान म्हणजे डोंगराएवढा गडी. त्याचे तीन दणके बसले की खेळ खलास. झिपरी काडीसारखी, पण पायाला भिंगरी. प्रवीणनं तिच्यावर वर्षभर घाम गाळला होता. पैलवानासमोर ठाण मांडायचं नाही. त्याला हात उगारू द्यायचा, इतकंच मागं सरकायचं की तो हुकावा, आणि तो सावरायच्या आत दोन लाथा घालून पसार व्हायचं. उगाच उड्या मारायच्या नाहीत; खाली येताना पैलवान हमखास धरतो. कोपऱ्यात तर मेलं तरी जायचं नाही. आणि उरलेला जीव दाखवणारी रक्ताची रेघ आपली जरा जरी जास्त असली, तर वरचं घड्याळ संपेपर्यंत नुसतं पळायचं.

आज पळणंच हवं होतं. लवकर जिंकावं तर सचिन वैतागून उठणार, लवकर हरावं तरी उठणार. प्रवीणनं पहिला डाव घड्याळावर काढला. दुसरा रडतखडत हरला. तिसऱ्यात दोन लाथा घालून झिपरी जी पळत सुटली, ती घड्याळ शून्यावर येईपर्यंत थांबली नाही.

“ह्याला काय जितनं म्हनत्यात?” सचिन खेकसला. “पळपुट्या! पुन्ना लाव.”

प्रवीणला हसू आवरेना. मासा आपणहून गळाला लागला होता.

दारातून समोर नगर गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. भोवती ही झुंबड! खिडकीतून टोप्या, रुमाल, पिशव्या आत पडत होत्या; ज्याची वस्तू, त्याची जागा. भारतीसाठी जागा धरायला कुणी नव्हतं. बायकांच्या घोळक्यात लपून ती शेवटच्या घडीला चढणार, म्हणजे थेट नगरपर्यंत उभ्यानं. प्रवीणला वाईट वाटलं, पण एका माणसानं दोन ठिकाणी कसं असावं?

आणि तेवढ्यात लाईट गेली.

मशीन विझलं. आता उठतोय हा. सचिननं आळस दिला, घामेजलेले तळवे पँटला पुसले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

“येईल लाईट,” तो म्हणाला. “आत्ता कुटं तापलो हुतो.”

देव पावला म्हणावं असाच प्रकार. लाईट आली आणि रंगनाथनं मशीन पुन्हा चालू केलं. प्रवीणचा हात आज काही निराळाच चालत होता. एकदा तर घाईत झिपरी कोपऱ्यात सापडली. पैलवानानं तिथं धरलं की सुटका नसते, आणि सचिन धरल्याशिवाय सोडत नसे. प्रवीणनं श्वास रोखला. पैलवानानं मिठी मारली ती हवेला. झिपरी बगलेतून निसटली.

“हुकलं की रं!” सचिन म्हणाला.

“सच्या, तुजा पैलवान म्हातारा झाला,” प्रवीण म्हणाला. मनातून स्वतःवर लई खूश झाला होता तो.

बाहेर डबल बेल झाली. गाडी घरघरली, हलली आणि धूळ उडवत फाटकाबाहेर आली. प्रवीणच्या छातीवरचा धोंडा उतरला. गेली! आता कुणाच्या बापाला सापडत नाही. त्याला तिथंच नाचावंसं वाटलं. त्यानं झिपरीला मोकळी सोडली. आता हरली तरी चालणार होतं.

सचिननं पडद्यावरची नजर काढली नाही.

“गेली का रं नगर गाडी?”

“गेली वाटतं. का?”

“मंग आप्पांस्नी सांगाया मोकळा. गाडी गेली, भारती काय मला दिसली न्हाई.”

बैलगाडी आडवी आली म्हणून एसटी दुकानासमोर थबकली. प्रवीणनं मान वर केली. खिडकीशी भारती बसली होती, ऐसपैस. धूळ लागू नये म्हणून तिनं नाकातोंडाला रुमाल बांधला होता, निळ्या चौकटीचा, आणि गालावर इस्त्रीचा तांबूस डाग आला होता.