हरकतीची मुदत

विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर तिच्या लग्नाची नोटीस लागल्यापासून ऋजुता रोज यायची. “हरकत आली का हो कुणाची?”

“नाही ताई, निर्धास्त राहा,” कारकून वायंगणकर धीर द्यायचे. घरच्यांना घाबरणाऱ्या अशा पुष्कळ मुली त्यांनी पाहिल्या होत्या.

तिसाव्या दिवशी, पेढ्यांची आशा धरून, त्यांनी आपणहून आनंदाची बातमी दिली. “मुदत संपली. एकही हरकत नाही! आता तीन साक्षीदार आणले की झालं.”

ती मटकन बाकावर बसली. “कुणाचीच नाही? आईचीसुद्धा?” मग हळूच म्हणाली, “मीच घेतली तर?”

वायंगणकरांनी चष्मा लावून नियम चाळले. नवरीच्या हरकतीसाठी छापील नमुनाच नव्हता.

“त्याला अर्ज लागत नाही, ताई,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त यायचं नाही.”