मंगळवारी शिवण नाही

रेवदंड्याच्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी शब्बाथचं वाचन झालं. हनोकभाऊंनी तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी छातीशी धरून येत्या महिन्यासाठी आशीर्वाद मागितला. "नवा महिना मंगळवारी लागतोय," त्यांनी पुकारलं आणि सवयीने मान वर, बायकांच्या सज्जाकडे गेली. "त्या दिवशी बायकांना सुट्टी, शिवणाला हात लावायचा नाही हां!"

चाळीस वर्षं हे ऐकून वरून त्यांची रिबेका खुदकन हसायची. अख्ख्या गावाचे ब्लाऊज नवऱ्याच्या या एका हुकमावर थांबायचे.

तिला माती देऊन वीस दिवस झाले होते.

"भाऊ, सांगताय कुणाला?" सज्जातून दीनाबाई हळूच म्हणाल्या. "शिवणारी आता कोण राहिलीय आपल्यात?"

हनोकभाऊंनी गुंडाळी आणखी घट्ट धरली.

"सांगावं लागतं, बाई. नाहीतर बसेल ती मशीनवर."