तांब्यावरचा पेला

तांब्यावर उपडा ठेवलेला पेला खडखडून खाली पडला. जमीन पुन्हा हादरली होती. चार वर्षं भूकंपाचे धक्के खाल्लेल्या या गावात घरोघरी हाच इशारा असे. पेला पडला की माणसं भाकरी तव्यावर टाकून बाहेर पळायची.

गोदाआत्याने पेला उचलला, पदराने पुसला, पुन्हा तांब्यावर ठेवला आणि भाकरी उलटली.

"आत्या, बाहेर चल," कालच शहरातून आलेली तिची भाची निशिगंधा म्हणाली. भिंतीतली भेग आढ्यापर्यंत गेली होती.

"दिसतंय मला." आत्याच्या कानामागे तांदळाएवढं यंत्र होतं. मधे धक्के थांबले, तरी लोकांच्या छातीतली धडधड थांबेना, म्हणून दवाखान्याने ते सगळ्या गावाला बसवलं होतं. "घर पडेल, हेही कळतंय. पण भीतीच वाटत नाही गं, तर पाय उठतील कशाला?"

निशिगंधाने तिला हाताला धरून ओढलं. आत्या ओढली तशी आली.

गल्लीत दुसरं कुणीच नव्हतं. जमीन परत हादरली. प्रत्येक घरातून पेला पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, सावकाश, तो पुन्हा तांब्यावर ठेवल्याचा.