मेघगडावरचे चोर

"हात वर कर, आई," धाकटी म्हणाली.

दवाखान्याच्या मागच्या आवारातलं बाथरूम. फरशीवर पाणी तुंबलेलं, कोपऱ्यात कुणीतरी फेकलेला रक्ताळलेला बोळा, आणि फिनेलच्या वासाखालून उसळून येणारा दुसरा वास. धाकटीने श्वास रोखून आईचा घाण झालेला झगा डोक्यावरून काढला, पिशवीत कोंबला आणि घट्ट गाठ मारली. दुसरा, साधा राखाडी झगा चढवला. मग आईच्या बांगड्या काढल्या. गळ्यातली साखळीही.

"ती कशाला गं?"

"इथं हात मारतात लोक. माझ्याकडे राहू दे."

दाराबाहेर मधला भाऊ खाकरला. "आटपा की! वासानं जीव चाललाय माझा."

"नाकाला रुमाल लाव मग. तुझं ढुंगण धुताना हिनं लावला नव्हता."

धाकटी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशिनवर बसायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या हातात एकच कादंबरी असायची. पुस्तकाची पाठ उसवलेली, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. ढगांवर तरंगणारा मेघगड, त्याच्या तळघरात कोंडलेला राणीचा आवाज आणि तो चोरायला निघालेली टोळी. टोळीत एकही माणूस धड नाही. झिंगारा जादूगार, पण दारू पोटात नसली की मंत्र विसरतो. थरथऱ्या कुठलंही कुलूप उघडतो, पण अंधारात त्याची बोबडी वळते. आणि म्होरकी घार, सख्ख्या बहिणीला विकून मोठी झालेली.

"म्हणून तर आवडतात," धाकटी सगळ्यांना सांगायची. "सज्जनांच्या गोष्टी काय, कुणीही लिहील."

जखमी थरथऱ्याला पाठीवर बांधून घार कडा उतरते, त्या पानावर ती दर वेळी ढसाढसा रडायची. जिवंत माणसासाठी असं रडू तिला कधी फुटलं नव्हतं.

भावांची नावंही तिनं तीच ठेवली होती. मधला झिंगारा, थोरला थरथऱ्या. आजचा बेतही तिचाच.

"पुन्हा एकदा ऐका," बाहेर येऊन ती हळू आवाजात म्हणाली. "हॉलच्या दारावर वॉचमन आहे. नाव-गाव विचारल्याशिवाय तो पेशंटला हलू देत नाही. झिंगाऱ्या, तू त्याच्या पायावर ओक."

"खोटं खोटं?"

"तुला खोटं कधी जमलंय? खरंच ओक. सकाळपासून ढोसतोयस ती काय शोभेला?"

थोरला भिंतीला टेकून केळं खात होता. आईकडे पाठ करून.

"जा, तोंड तरी दाखव तिला," धाकटी म्हणाली.

"नको. रडू येईल मला."

"रड मग. तेवढंच येतं तुला."

"आणि कुणी धरलं म्हणजे? घरी बायकोला काय सांगू? तिला तर एक दिवसही जास्त..."

"तू गाडीत बसायचं. इंजिन चालू ठेवायचं. बास." त्याच्या ओठाला चिकटलेला केळ्याचा लगदा तिला दिसला. एक दारूचं पिंप, एक शेळपट. दोघांचीही तिला किळस आली. पुस्तकातले चोर परवडले.

चाकाची खुर्ची ढकलायला लागल्यावर आईनं मान मागे वळवली. "कुठं चाललो?"

"घरी. दादानं गाडी आणलीय."

"कुणाच्या घरी?"

"चोरीत असे प्रश्न विचारायचे नसतात, आई."

आई खुदकन हसली. "मेल्यांनो, त्या पुस्तकातल्यासारखंच करताय की. शेवटी सुटतात ना गं सगळे?"

"सगळे."

मधल्यानं काम चोख केलं. वॉचमन "अरे, अरे, गाढवा!" करत बूट झटकत मागे उडाला, आणि खुर्ची त्याच्या पाठीमागून दारात शिरली. हॉल खच्चून भरला होता. खोकणारे, कण्हणारे, बाकाखाली थुंकणारे. कुणी मान वर केली नाही. धाकटी खुर्ची ढकलत पार दुसऱ्या टोकाला गेली, मोठ्या खांबाआड तिनं ती उभी केली आणि ब्रेक लावला.

"बस हं. दादाला गाडी पुढे घ्यायला सांगते."

ती एकटीच त्या टोकाच्या दारानं बाहेर पडली. काचेचं दार तिच्यामागे अर्धवट लागलं. पायरीशी गाडी उभी होती. मधला आत हनुवटी पुसत बसला होता.

"ठेवलंस?" थोरल्यानं विचारलं. "मग चढ ना पटकन!"

"थांब."

"अगं, तिनं आपली नावं सांगितली म्हणजे? डोकं शाबूत आहे तिचं. पत्तेसुद्धा पाठ आहेत."

दाराच्या फटीतून धाकटीनं पाहिलं. एक नर्स खुर्चीपाशी वाकली होती.

"आजी, तुम्ही तर आमच्या पेशंट नाही. कुणी आणून सोडलं तुम्हाला इथं? मुलं कुठंयत तुमची?"

आईनं नजर उचलली. हॉलभर फिरवली आणि बरोबर काचेवर, धाकटीच्या तोंडावर आणून ठेवली.

"मुलं?" आई म्हणाली. "नाही बाई. मला पोरंच झाली नाहीत."