सांजेला फाटणारं चित्र

संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवूनही चित्र फाटलंच. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकल्या, अक्षरं तिरपी झाली आणि क्षणात सगळं जागेवर आलं.

"असंच होते, रोज सांजेले," नीलिमा म्हणाली.

गावच्या संगणक केंद्रातल्या मशीनवर लिनक्स ही प्रणाली तिनेच बसवली होती. त्यामुळे दोष आपलाच, असं ती धरून चालली होती. तिने ड्रायव्हर बदलून पाहिला, जुना परत टाकला, केबल बदलली. दिवसा मशीन मुकाट चाले, सांज झाली की बिथरे. वरचे अधिकारी मशीन परत मागवतील, केंद्र बंद होईल, या धास्तीने तिची झोप उडाली होती. शेवटी तिने चंद्रपूरहून मशीन दुरुस्त करणाऱ्या निकेशला बोलावलं.

निकेशने यूपीएसची पिन भिंतीतून काढली. मशीन नुसत्या बॅटरीवर चालू लागलं आणि चित्र खिळल्यासारखं थांबलं. थेट लाइनवरचा, डोक्यावरचा बल्ब मात्र लपलपला.

"मशीन चांगली आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "लाइनवर कोणीतरी उघडी तार जोडली आहे. ती ओल्या जमिनीले लागली का असं होते."

नीलिमा दाराकडे वळली. धान पिकलं होतं आणि रानडुकरं भाताच्या बांधीत उतरत होती. मागच्या साली शेजारच्या गावात डुकरांसाठी लावलेल्या अशाच तारेने एक बाई गेली होती. नीलिमाचा नवरा इस्तारी रोज सांजेला शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, पिकाच्या जागलीला जाई. आणि आज सकाळीच वरोऱ्याहून आलेला धाकटा दीर, पत्रू, आत्ताच त्याचा डबा घेऊन तिकडे गेला होता.

बल्ब मंदावला. या वेळी तो मंदच राहिला.

ती धावत सुटली. बांधीजवळच्या खांबावर तारेचा आकडा लटकत होता. मागून आलेल्या निकेशने कोरड्या बांबूने तो खाली पाडला. ती थांबली नाही. टॉर्चच्या उजेडात, तारेच्या कडेकडेने, ठेचकाळत पळत राहिली.

इस्तारी धुऱ्यावर बसलेला दिसला. जिवंत होता. तिने त्याचे खांदे चाचपले, हात चाचपले. तिला रडू फुटलं.

"तुमाले लागलं नाई ना? कोणं टाकली ही तार?"

त्याने तिचा टॉर्चचा हात घट्ट धरून ठेवला. पायाशी उजेड पडू देईना.

"मीच टाकली," तो म्हणाला. "पत्रूले सांगाचं राहून गेलं."