खुंटीवरची पर्स

यंत्रांमुळे नोकऱ्या गेलेल्या घरांचं पुढे काय झालं, यावर सुनेला संशोधन करायचं होतं. ‘पण दारोदार माणसं पाठवायला निधी कशाला? यंत्रच फोन करून विचारेल की,’ निधीसाठी तिची ऑनलाइन मुलाखत घेणारे परीक्षक लॅपटॉपवरून म्हणाले. ‘मग आत्ताच विचारून बघू,’ म्हणत तिनं यंत्राला सासूबाईंचा नंबर दिला. सासूबाई वर्षानुवर्षं बँकेत ग्राहकांचे फोन घ्यायच्या. आता ते फोन यंत्रच घेतं. पलीकडच्या खोलीत फोन वाजला. ‘काम गेल्यापासून कसं चाललंय?’ यंत्रानं विचारलं. ‘मजेत!’ सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. सून लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. ‘आई, खरंच मजेत?’ त्यांची नजर खुंटीवरच्या ऑफिसच्या पर्सकडे गेली. ‘दुपार खायला उठते गं.’ मग परीक्षकांनी घसा खाकरला. ‘दारोदार जाणारी माणसं मिळतील का?’ सुनेनं तोंड उघडेपर्यंत सासूबाईंनी ती पर्स खांद्याला अडकवली होती.