एकदा बंद-चालू करा

नेटवाल्याने जुना राउटर भिंतीवरून काढला आणि आतून निघालेली दोन झुरळं त्याच्या मनगटावरून पळाली. "शी!" त्याने हात झटकला. राउटरवर धुळीचा तेलकट थर होता, बोट लावलं की चिकटत होतं. त्यात घरभर तो वास. श्वासच घेऊ नये असं वाटायला लावणारा.

वास न्हाणीघरातून येत होता. दार अर्धवट उघडं होतं. आत बादलीत चादरी भिजत होत्या, आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसलेला एक माणूस तशाच ओल्या हातांनी बाहेर आला. दाढीचे खुंट वाढलेले, बनियनवर पिवळे डाग.

"हे आमचे जावई," खिडकीशी खुर्चीत बसलेल्या आजी म्हणाल्या. "माझ्याकडेच असतात. लेक परदेशात असते ना माझी."

म्हणजे बायको तिकडे राबतेय आणि हा गडी इथे सासूच्या जिवावर आयतं गिळतोय! नेटवाल्याने नाक मुरडलं. धडधाकट असून दिवसभर बनियनवर घरात बसणाऱ्या पुरुषांची त्याला मुळातच किळस होती.

आजी मात्र गोड होत्या. केस नीट विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, नखं कापलेली. एवढ्या घाणीत त्या एकट्याच तेवढ्या स्वच्छ. गळ्यात दोरीला चष्मा लटकत होता.

"चहाच्या वेळी तिचा फोन येतो रे. नेट सुरू होईल ना तोवर?"

"होईल की, आजी. दिसते का लेक नीट?"

"छे! कॅमेरा बिघडलाय तिचा. आवाज ऐकला की झालं. तुझं लग्न झालंय का?"

"झालंय, आजी." हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. बिचारीशी घरात कोणी बोलत नसेल, दुसरं काय.

तेवढ्यात जावयाने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर खरकटी भांडी, त्यांवर माशा. नेटवाला दारातच थांबला.

"एक काम आहे," जावई हळू आवाजात म्हणाला. "आईंच्या फोनवर गाणी चालू राहू देत. पण नेटवरून त्यांना जे फोन येतात ना, ते येता कामा नयेत. सिमकार्ड मी आधीच काढून ठेवलंय."

"कुणाचे फोन?"

जावयाने दाराकडे पाहिलं. "मुलीचे म्हणून येतात ते."

"आणि आजींनी विचारलं तर?"

"विचारतील. रडतीलही. मी बघतो काय ते. तुम्ही त्यांना यातलं काही बोलू नका, एवढंच."

नेटवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारीला एकटं पाडायचं, लेकीचा आवाजही कानावर पडू द्यायचा नाही, आणि मग एक दिवस घराच्या कागदांवर सही घ्यायची. नुसती बादलीच नाही, हा माणूसच कुजलेला होता! एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं, पण त्याला हात लावायचीही शिसारी आली.

"करतो," तो म्हणाला.

नवा राउटर लावून तो लॅपटॉप घेऊन बसला. घरातल्या कुठल्या फोनने कुठल्या वाटेने बाहेर जायचं आणि कोणती वाट बंद, हे राउटरला सांगता येतं. त्याने आजींच्या फोनला एक कायमचा पत्ता दिला आणि त्या पत्त्यापुरती कॉलची वाट बंद केली. मग स्वतःच्या फोनवरून कॉल लावून दाखवला. आजींचा फोन ढिम्म. गाणं मात्र सुरू.

"हुश्श!" जावयाने डोळे मिटले. "फार उपकार झाले हो तुमचे."

उपकार म्हणे! पण नेटवाल्याने एक गोष्ट मुद्दाम केली नव्हती. 'साठवा' हे बटण दाबलं नव्हतं. या राउटरमध्ये ते दाबलं नाही, तर केलेला बदल वीज असेपर्यंतच टिकतो. धंद्यात नवीन असताना हे विसरल्याबद्दल त्याने मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"मी गेलो की राउटर एकदा बंद-चालू करा," त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "म्हणजे पक्कं बसेल. विसरू नका हं."

"नाही विसरणार."

"येते हं माझी लेक आता फोनवर," आजी त्याला हात हलवत म्हणाल्या.

"येणारच, आजी," तो म्हणाला आणि जिना उतरला.

खाली नळावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. कशी जिरवली! मनाला जरा बरं वाटलं. तो गाडीला किल्ली लावतोय तोच जावई धापा टाकत खाली आला.

"तुमची पक्कड वर राहिली होती. आणि हो, बंद-चालू करूनच आलो."

नेटवाल्याला राहवलं नाही. "बायकोला काय सांगणार आहात, साहेब? तिच्या आईशी बोलायचं नाही म्हणून?"

जावयाने पक्कड त्याच्या हातात दिली.

"माझी बायको देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली हो," तो म्हणाला. "आईंच्या डोक्यात काही राहत नाही. सांगितलं की दर वेळी लेक नव्याने जाते त्यांची, म्हणून मी सांगणंच सोडलं. आता कोण हरामखोर तिच्या नावाने फोन करतात, आई आई म्हणतात, आणि..."

वर फोन वाजला.

"आले गं बाळा!" खिडकीतून आजींचा हरखलेला आवाज आला. "थांब हं, चष्मा लावते. आज कुठल्या कार्डावरचे आकडे वाचून दाखवू?"